पाचवी ते बारावी : एका रेल्वेमार्गाची आठ वर्षं

स्मरणिका समितीने मला "काहीतरी तांत्रिक, पण सगळ्यांना कळेल असं" लिहायला सांगितलं. बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर एवढं नक्की कळलं आहे, की मी रोज जे करते ते माझ्या घरातही कुणाला कळत नाही. म्हणून संगणकाबद्दल न लिहिता मी एका अशा प्रकल्पाबद्दल लिहिणार आहे, जो आपल्या पनवेलच्या दारावरून गेला आणि आपल्या तुकडीबरोबरच मोठा झाला. जून १९९० मध्ये आपण पाचवीत या शाळेत आलो. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय आपल्या शेजारी सीबीडी बेलापूरला थाटलं गेलं. आपण बारावीच्या परीक्षेची तयारी करत होतो तेव्हा, २६ जानेवारी १९९८ ला, रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग सलग सुरू झाला. मधल्या आठ वर्षांत आपण काय काय केलं ते आपल्याला आठवतं. त्यांनी काय केलं, ते मी मोठी झाल्यावर वाचून आणि त्या गाडीतून फिरून समजून घेतलं.

आधी एक दुरुस्ती, कारण बाहेरगावच्या माणसांशी बोलताना आपण सगळेच हे चुकीचं सांगतो. पनवेल स्टेशन कोकण रेल्वेचं नाही, मध्य रेल्वेचं आहे. कोकण रेल्वे रोह्याच्या पुढे सुरू होते. पनवेलपर्यंत दिव्याहून रूळ आले ते साठच्या दशकात. पुढे आपट्यापर्यंत आणि मग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत ते पोचले, आणि तिथे थांबले. रोह्याच्या पुढच्या कोकणाला जायचं तर आपल्यासमोर एसटी हाच मार्ग होता.

ज्यांचं आजोळ कोकणात, त्यांना पनवेलचा एसटी स्टँड मे महिन्यात कसा दिसायचा हे सांगायला नको. माझं आजोळ संगमेश्वरजवळ. मुंबईहून भरून आलेली गाडी स्टँडात शिरली की बाबा खिडकीतून रुमाल टाकायचे आणि आई माझा आणि भावाचा हात धरून दाराशी रेटायची. पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड. कशेडी घाट येईपर्यंत माझ्या भावाने एकदा तरी लिंबाची फोड मागितलेली असायची. आजीला आम्ही दरवर्षी सांगायचो, की आता रेल्वे येणार आहे. ती म्हणायची, "तुझ्या आजोबांनाही हेच सांगत होते. येईल तेव्हा खरी."

आजीचं खरंच होतं. प्रकल्पाच्या पुस्तकात सुरुवातीची तारीख ही नोंदणीची किंवा कोनशिलेची असते. कोकण रेल्वेची कोनशिला रोह्याला १५ सप्टेंबर १९९० ला बसली. पण त्याआधीची कित्येक वर्षं कुठल्याच वेळापत्रकात येत नाहीत. अ. ब. वालावलकरांनी या रेल्वेसाठी आयुष्यभर पाठपुरावा केला. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै संसदेत तिच्यासाठी बोलत राहिले. ते १९७१ मध्ये गेले. त्यांच्यानंतर राजापूरहून निवडून आलेले प्रा. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि आपट्याहून रोह्याकडे जाणाऱ्या मार्गाला गती आली. पण दोन वर्षांत ते सरकार गेलं. पुढे रोह्याच्या पलीकडचा प्रश्न दर अर्थसंकल्पात एकाच उत्तराशी येऊन अडायचा : डोंगर फार, नद्या फार, खर्च फार, उत्पन्न कमी.

१९८९ च्या डिसेंबरात जे सरकार दिल्लीत आलं, त्यात एक योग जुळून आला. मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री झाले आणि कारवार जिल्ह्यातले रामकृष्ण हेगडे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. तिघांनाही हा किनारा माहीत होता. पण ते सरकार एका वर्षाच्या आतच पडलं. कोनशिला बसली आणि दोन महिन्यांत रेल्वेमंत्री बदलले. त्यापूर्वीच्या अनुभवावरून पाहता हा प्रकल्पही तिथेच थांबायला हवा होता. तो थांबला नाही, याचं कारण त्याच्या आखणीत आहे, आणि म्हणून मला तो अभ्यासण्यासारखा वाटतो.

पहिला निर्णय पैशाचा. नेहमीप्रमाणे रेल्वेच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडेथोडे पैसे मिळाले असते, तर हा मार्ग पुरा व्हायला पिढ्या गेल्या असत्या. म्हणून वेगळी कंपनी काढली. तिच्या भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. केरळातून एक किलोमीटरही मार्ग जात नव्हता, तरी मुंबईचं अंतर कमी होणार म्हणून केरळने पैसे घातले. उरलेली रक्कम बाजारात रोखे विकून उभी केली. या पद्धतीचा एक परिणाम असा, की काम रेंगाळलं तरी व्याज वाढत राहतं. उशीर झाला की त्याचा आकडा लगेच कागदावर दिसतो, आणि तो कुणाला तरी फेडावा लागतो.

दुसरा निर्णय माणसाचा. ई. श्रीधरन नुकतेच रेल्वे बोर्डातून निवृत्त झाले होते. १९६४ च्या वादळात मोडलेला पांबनचा पूल त्यांनी ४६ दिवसांत उभा केला होता, ही त्यांची ओळख. त्यांना कंपनीचे पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक नेमलं. त्यांनी सगळा मार्ग सुमारे शंभर शंभर किलोमीटरच्या सात विभागांत वाटला : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, आणि त्याच्या हद्दीतला निर्णय त्यानेच घ्यायचा. बेलापूरच्या टेबलावर फाइल येऊन पडली पाहिजे असं नाही. कचेऱ्यांमध्ये उलटी मोजणारी घड्याळं लावली, म्हणजे किती दिवस झाले हे न दाखवता किती उरले हे दाखवणारी.

इथे मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. काम वाटण्याच्या दोन पद्धती असतात. एक, थराथराने : एका गटाने सगळीकडचा पाया करायचा, दुसऱ्याने सगळीकडच्या भिंती, तिसऱ्याने सगळीकडचं छप्पर. दुसरी, तुकड्यातुकड्याने : एका गटाने एक तुकडा पायापासून छपरापर्यंत पुरा करायचा. पहिली पद्धत कागदावर नीटनेटकी दिसते, पण शेवटच्या दिवसापर्यंत वापरता येईल असं काहीच हातात नसतं. कोकण रेल्वेने दुसरी धरली. त्यामुळे जो तुकडा पुरा होईल त्यावर गाडी सुरू करता आली. मार्च १९९३ मध्ये दक्षिणेकडचा मंगळूर ते उडुपी, जून १९९३ मध्ये उत्तरेकडचा रोहा ते वीर. तेव्हा आपण नुकतेच आठवीत गेलो होतो. मार्च १९९५ मध्ये गाडी खेडला पोचली, आपली नववीची परीक्षा तोंडावर होती. लोकांना काहीतरी चालताना दिसत होतं आणि रोखे घेणाऱ्यांनाही दिसत होतं.

तिसरा निर्णय सगळ्यात खर्चिक, आणि मला वाटतं सगळ्यात धाडसी. मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगाला योग्य असा आखायचा. म्हणजे चढ १५० मीटरला एक मीटरहून अधिक नको आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरहून कमी नको. आता आपलं कोकण डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी पश्चिमेला समुद्राकडे जाते आणि दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एक सोंड असते. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला या सगळ्यांना आडवं जावं लागतं. आपली एसटी हे घाट चढून, वळणं घेऊन करायची. गाडीला वळायची आणि चढायची परवानगीच नाही म्हटल्यावर उरतं एकच. सोंड आली की बोगदा, नदी आली की पूल. साधारण ७४० किलोमीटरच्या मार्गावर ९० हून अधिक बोगदे झाले, त्यांची एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर. लहानमोठे मिळून पूल जवळजवळ दोन हजार. रत्नागिरीच्या उत्तरेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तेव्हा देशातला सर्वांत लांब. होन्नावरला शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब.

रत्नागिरीच्या दक्षिणेला एक पूल आहे, ज्याचं नाव ऐकून मी लहानपणी चक्रावले होते. पानवलचा पूल. मला वाटलं, आपल्या गाढी नदीवर एवढा मोठा पूल कधी झाला! पानवल नदीच्या दरीवरचा हा पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे, म्हणजे साधारण वीस मजली इमारतीएवढा. एवढ्या खोल दरीतून मचाण उभारून वर काँक्रीट ओतणं अवघड. म्हणून पुलाचा एकेक तुकडा दरीच्या काठावर ओतला आणि आधीच्या तुकड्याला जोडून सगळंच जॅकने पुढे ढकललं. पूल खांबांवरून सरकत सरकत पलीकडे गेला. भारतात या पद्धतीने झालेला हा पहिला पूल. मी एकदा दुपारच्या गाडीने तिथून गेले. खिडकीतून खाली नारळीचे शेंडे हिरव्या फुलांसारखे दिसतात आणि पूल संपेपर्यंत डबा आपोआप शांत होतो.

जमिनीचा भाग आकड्यात सांगायचा तर सुमारे ४२ हजार मालकांकडून जमीन घ्यावी लागली. कोकणातली जमीन म्हणजे सातबाऱ्यावर दहा नावं, त्यांतली चार मुंबईला. मोबदल्यावरून कुठे कुठे वाद झाले, आणि ते स्वाभाविक होते. पण एखाद्या मोठ्या प्रकल्पात जी गोष्ट वीस वीस वर्षं चालते, ती इथे बहुतेक ठिकाणी काम अडवून बसली नाही. अडलं ते गोव्यात. तिथे मार्ग किनाऱ्याजवळून, दाट वस्तीतून आणि खाजण शेतीतून जातो. जुन्या गोव्याची चर्चेस आणि करमळीचं तळं यांच्या काळजीने लोक रस्त्यावर आले, मार्ग आत डोंगराकडून न्या म्हणाले. १९९३ मध्ये गोव्यातलं काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला. शेवटी मूळ आखणीच कायम राहिली, पण महिने गेले. मी प्रकल्पवाल्यांच्या बाजूची आहे हे उघड आहे, तरी एक म्हणेन. रेघ नकाशावर आखताना जे प्रश्न विचारले जात नाहीत, ते रेघ जमिनीवर आली की विचारले जातात, आणि तेव्हा त्यांची उत्तरं महाग पडतात.

आणि मग पेडणे.

सावंतवाडी ओलांडून गोव्यात शिरताना पेडण्याला सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा आहे. करबुड्याच्या चौथा हिस्सादेखील नाही. करबुड्याला कातळ होता. कातळ फोडायला स्वीडनहून यंत्रं आणली होती, ती दिवसाला ठरल्याप्रमाणे पुढे जात होती. पेडण्याला कातळ नव्हता. पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणावं आणि ती आत यावी, टेकू द्यावा आणि तो खचावा. वरची जमीन खाली बसायची आणि झालेलं काम पुन्हा मातीखाली जायचं. या मार्गावर असे मऊ मातीचे नऊ बोगदे होते. त्यांनी चार वर्षं खाल्ली आणि एकोणीस माणसं घेतली. डिसेंबर १९९६ मध्ये उत्तरेकडची गाडी सावंतवाडीला पोचली होती, दक्षिणेकडून रूळ गोव्यात येत होते, सातशेहून अधिक किलोमीटर तयार होते. आणि देशभरातून गाड्या सोडायला सज्ज असलेली सगळी यंत्रणा या एका दीड किलोमीटरसाठी थांबून होती. पाच वर्षांत पुरा करायचा म्हणून उचललेला मार्ग सव्वासात वर्षांनी पुरा झाला.

आपल्यापैकी काहींना सहावीत मध्येच आलेली एक मुलगी आठवत असेल. आपण तिला "रेल्वेवाली" म्हणायचो. लाईन आळीत ते भाड्याने राहत. तिचे वडील एका ठेकेदाराकडे सर्वेक्षणाच्या कामावर होते. घरी पंधरा दिवसांतून एकदा यायचे. बाईंनी वर्गात "वडील काय करतात" विचारलं, तेव्हा ती उभी राहून म्हणाली होती, "बाबा डोंगरात असतात." आपण हसलो होतो. आठवीच्या मध्येच ती गेली, कारण वडील पुढच्या विभागात गेले. संमेलनासाठी शोधताना ती सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. फोनवर पहिली दहा मिनिटं आम्ही दोघी फक्त कुठे राहतेस, मुलं किती एवढंच बोललो. मग मी हा लेख लिहायचं मनात आहे म्हटल्यावर ती म्हणाली, की तिचे वडील शेवटी पेडण्याला होते. घरी आले की कुणाशी न बोलता झोपायचे. एकदा आईने विचारलं, काम किती झालं, तर म्हणाले, "काल होतं तेवढंच." ते सुखरूप परत आले. त्यांच्याबरोबरचे दोघे आले नाहीत.

हा मार्ग बांधताना एकूण ७४ माणसं गेली. रत्नागिरी स्टेशनवर त्यांच्यासाठी श्रमशक्ती स्मारक आहे. गाडीला थांबा थोडाच असतो, पण पुढच्या वेळी उतरायचं असेल तेव्हा दोन मिनिटं तिथे जाऊन या.

आता माझी गोष्ट, आणि ती अभिमानाची नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथे मला पहिल्यांदा एका मोठ्या प्रकल्पाची प्रमुख केलं. एका ग्राहकाची जुनी हिशेबाची व्यवस्था काढून नवी बसवायची होती. मी सुंदर वेळापत्रक केलं. रंगीत पट्ट्या, कोणतं काम कोणावर अवलंबून, कोणती साखळी हलली तर शेवटची तारीख हलते, सगळं. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत निघाली, आणि आजही आम्ही तीच वापरतो. त्या वेळापत्रकात जुन्या नोंदी नव्या व्यवस्थेत आणायचं काम मी शेवटच्या दीड महिन्यात ठेवलं. ते कंटाळवाणं होतं, कुणालाच नको होतं. दुसऱ्याच महिन्यात आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, नोकरीला लागून वर्षही न झालेला, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, जुन्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. हे दीड महिन्यात होणार नाही." मी त्याला शाबासकी दिली, धोक्यांच्या यादीत एक ओळ लिहिली आणि पुढच्या बैठकीला गेले.

नंतर चार महिने आमचा प्रकल्प "नव्वद टक्के पूर्ण" होता. ते खरंही होतं. कातळ फोडून झाला होता. माती उरली होती. शेवटी सात महिने उशीर झाला. वरच्यांनी विचारलं, नोंदींचं काम कुणाकडे होतं? यादीत त्या मुलाचं नाव होतं. मी तेव्हा जे बोलायला हवं होतं ते मी अर्धंच बोलले. त्याने तीन महिन्यांनी राजीनामा दिला. पुढे तो कुठे गेला हे मला माहीत आहे, बरं चाललं आहे त्याचं. पण त्याने मला फोन केलेला नाही, आणि मीही केलेला नाही.

त्यानंतर कधीतरी कोकण रेल्वेचा इतिहास वाचताना पेडण्याशी आले आणि पुस्तक मिटून बसले. माझ्या सगळ्या रंगीत पट्ट्यांत मी कामाची लांबी मोजली होती, जमीन कशी आहे ते पाहिलं नव्हतं. साडेसहा किलोमीटर म्हणजे अवघड आणि दीड किलोमीटर म्हणजे सोपं, असं मी धरलं होतं. तेव्हापासून नवं काम हातात आलं की मी पहिला प्रश्न विचारते, यात पेडणे कुठे आहे? आणि दुसरा, तिथे कोण उभं आहे, आणि त्याने काही सांगितलं तर माझ्यापर्यंत ते येईल का? गटातल्या नव्या मुलांना कोकण माहीत नसतं, ती हैदराबादची, इंदूरची असतात. पण "पेडणे" हा शब्द आता आमच्याकडे रूढ झाला आहे.

१ मे १९९८ ला रत्नागिरीला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींच्या हस्ते मार्गाचं औपचारिक लोकार्पण झालं. त्याच वर्षी बेलापूरची लोकल पनवेलपर्यंत आली. म्हणजे एकाच वर्षात आपण मुंबईलाही जोडले गेलो आणि कोकणालाही. आपल्यातले निम्मे लोक त्या लोकलने कॉलेजला गेले. मुंबई आणि मंगळूरमधला रेल्वेचा वळसा एक हजार किलोमीटरहून अधिक कमी झाला. १९९९ च्या २६ जानेवारीला कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला भरलेले ट्रकच गाडीवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. सगळ्याची किंमत व्याज धरून सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये झाली, आणि ते कर्ज कंपनीला पुढे बरीच वर्षं जड गेलं.

पण मार्ग पूर्ण झाला म्हणजे काम संपलं, असं नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली, गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगरांच्या कापलेल्या कडा आणखी तिरक्या केल्या, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसवल्या. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश चालतात, आणि भर पावसात गस्तीवाले रुळांवरून चालत जातात. ताशी १६० चा विचार करून आखलेला मार्ग चार महिने स्वतःहून वेग कमी करतो. हेही नियोजनच आहे, उशिरा शिकलेलं. रोहा ते वीर दुहेरी मार्ग २०२१ मध्ये झाला, विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. आणि पेडणे? ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला. जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या. मऊ माती अजून तिथेच आहे आणि तिच्याकडे कुणीतरी रोज बघत असतं, म्हणून आपली गाडी जाते.

आजीने रेल्वे पाहिली. १९९७ च्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा गाडीने गेलो, तेव्हा ती संगमेश्वर स्टेशनवर रिक्षा करून आली होती. गाडी फलाटाला लागलेली पाहून ती म्हणाली, "आली म्हणायची." दोन वर्षांनी ती मुंबईला आमच्या आत्याकडे आली ती बसल्या जागेवरून उठावं न लागता, खिडकीशी. एका बोगद्यात तिने माझा हात धरला होता, हे बाबांनी मला सांगू नको म्हणून ती विनवत होती.

या संमेलनाच्या नियोजनाची यादीही समितीने माझ्याच गळ्यात घातली, "तू इंजिनीअर ना" म्हणून. सभागृह, जेवण, ध्वनिक्षेपक, शिक्षकांची ने-आण, ही कामं पहिल्या महिन्यातच झाली. तो कातळ होता. पेडणे होतं पत्ते. आपल्या तुकडीच्या अठ्ठावन्नपैकी सदतीस जण पहिल्या पंधरवड्यात मिळाले आणि मग महिनाभर आकडा हलला नाही. तेव्हा मी बाकी सगळी कामं दुसऱ्यांना देऊन टाकली आणि समितीतल्या तिघी मिळून फक्त पत्तेच शोधत बसलो. आज हे लिहिताना आकडा बावन्न आहे. दोघे आता नाहीत, हेही त्यात कळलं. चौघांचा शोध अजून चालू आहे. त्यांची नावं या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर दिली आहेत. कुणाला काही माहीत असेल तर संमेलन झालं म्हणून सांगायचं राहू देऊ नका.

रेल्वेवाली येते आहे. उडुपीहून मत्स्यगंधा धरणार आहे, पहाटे पनवेलला उतरेल. मी स्टेशनवर जाणार आहे. गाडी उशिरा आली तरी चालेल.